बंदुकीतली सुई

एखाद्याने मोठी गर्जना करावी आणि पुढे काहीच घडू नये, म्हणजे आपण म्हणतो, ‘बार फुसका निघाला!’ दिवाळीत फटाका फुसका गेला तर पोरं हसतात आणि दुसरा लावतात. पण समोरून शत्रू धावत येतो आहे, शिपायाने नेम धरून चाप ओढला आहे, आणि नुसता ‘टक्’ असा आवाज येऊन बंदूक गप्प बसली आहे, अशी वेळ आली तर? आज तुमच्यापुढे मांडायची आहे ती या ‘टक्’ची हकीकत. शाळेच्या पुस्तकांत राजे असतात, सेनापती असतात, तहांची कलमे असतात. बंदुकीच्या पोटातली एक पोलादी सुई त्यांत नसते. तरी तिची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

या सुईला सगळीकडे फायरिंग पिन म्हणतात. चाप ओढला की स्प्रिंगच्या जोराने ती पुढे धावते आणि काडतुसाच्या बुडाशी बसवलेल्या लहानशा टोपीवर आदळते. टोपीतला मसाला ठिणगी पाडतो, दारू पेटते, गोळी सुटते. एवढं सगळं डोळ्याचं पातं लवण्याच्या आत होतं. ती सुई मोडली, झिजली, मळली, नाहीतर तिची स्प्रिंग थकली, की बाकीची बंदूक कितीही चांगली असो, ती लोखंडी काठीच.

ही सुई येण्याच्या आधी काय होतं? आपल्याकडे तोड्याची बंदूक होती. पेटता तोडा हाताशी बाळगायचा आणि तो दारूला लावायचा. मग गारगोटीची आली, आणि एकोणिसाव्या शतकात तांब्याच्या टोपीची. पण तिन्ही ठासणीच्याच. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची. हे करायला माणूस उभा हवा. आडवं पडून ठासणीची बंदूक भरून पाहा म्हणजे त्यातली अडचण कळेल. शिपाई उभा राहिला की तो दिसतो, आणि दिसला की मरतो.

ही अडचण सोडवली ती एका कुलूप बनवणाऱ्याच्या मुलाने. जर्मनीत थुरिंगिया प्रांतात सोमर्डा नावाचं लहान गाव आहे. तिथे १७८७ साली योहान निकोलाउस ड्रायझे जन्मला. बापाचाच धंदा शिकला आणि १८०९ च्या सुमारास पॅरिसला जाऊन पाउली नावाच्या स्विस कारागिराच्या बंदुकीच्या कारखान्यात राहिला. या पाउलीने १८१२ मध्ये मागून भरायची बंदूक आणि तिचं काडतूस तयार केलं होतं. नेपोलियनच्या फौजेने ते घेतलं नाही. ड्रायझे मात्र ते डोक्यात साठवून १८१४ मध्ये गावी परतला. पुढे त्याने टोप्यांचा कारखाना काढला आणि वर्षानुवर्षे एकाच गोष्टीच्या मागे लागला. १८३६ च्या सुमारास त्याची मागून भरायची बंदूक सिद्ध झाली.

तिची रचना समजायला आपल्या दाराची आडवी कडी डोळ्यांपुढे आणा. मूठ वर उचलायची, दांडा मागे ओढायचा, पुन्हा पुढे सारून मूठ खाली पाडायची. ड्रायझेचा बोल्ट तसाच होता. बोल्ट मागे ओढला की नळीचं मागचं तोंड उघडे, त्यात कागदी काडतूस सरकवायचं, बोल्ट पुढे लोटून मूठ खाली पाडायची, झालं. बोल्टच्या पोटात लांब, बारीक सुई आणि तिच्याभोवती स्प्रिंग. म्हणून या बंदुकीला ‘सुईची बंदूक’ हेच नाव पडलं. प्रशियाच्या राजाने १८४० च्या डिसेंबरात अशा साठ हजार बंदुका मागवल्या. गुपित फुटू नये म्हणून कागदोपत्री तिला ‘हलकी टोपीची बंदूक’ असं साधं नाव दिलं आणि माल कोठारांत दडवून ठेवला. १८४८ च्या जूनमध्ये बर्लिनमधल्या लोकांनी तिथल्या शस्त्रागारावर हल्ला केला तेव्हा यांतल्या काही बंदुका लोकांच्या हाती गेल्या आणि गुपिताला पाय फुटले.

इथे शिक्षक मंडळींसाठी एक आडवळण घेतो. १८५७ च्या उठावात ज्या काडतुसांवरून भडका उडाला, ती काडतुसं एन्फील्ड नावाच्या ठासणीच्या रायफलीची. त्यांचा कागद दाताने तोडून दारू नळीत ओतायची असे. त्या वेळी प्रशियाजवळ ड्रायझेच्या बंदुका कित्येक वर्षांपासून होत्या, आणि त्यांचं काडतूस अख्खंच्या अख्खं मागून आत जात असे. दात लावायचा प्रश्नच येत नव्हता. वर्गात १८५७ शिकवताना ही दोन काडतुसं फळ्यावर शेजारी शेजारी काढून दाखवली, तर मुलांना प्रकरण लवकर उमजेल.

आता सुईकडे वळू. ड्रायझेच्या काडतुसात टोपीचा मसाला बुडाशी नव्हता, तो पुढे होता, गोळी धरून ठेवणाऱ्या लगद्याच्या वाटीच्या मागच्या अंगाला. दारू पुढून मागे पेटत आली तर ती पुरती जळते, अशी समजूत होती. परिणाम असा, की सुईने आधी कागद भोसकायचा, मग दारूचा सगळा थर पार करायचा, आणि तेव्हा कुठे ती मसाल्याला भिडायची. त्याच क्षणी दारू पेटे आणि सुई त्या जाळात उभी! दर बाराला ती भाजून निघे. वर काजळी बसे, दारूच्या राखेने पोलाद खाल्लं जाई, ठिसूळ होई. साधारण दोनशे बारांच्या आत-बाहेर सुई मोडायची हे ठरलेलंच. शिवाय बोल्ट आणि नळी यांच्या सांध्यातून धूर आणि झळ मागे येई. म्हणून कित्येक शिपाई गालाशी बंदूक धरण्याऐवजी कमरेवरूनच बार काढीत, आणि मग नेम कसला!

परदेशी तज्ज्ञांनी ही बंदूक तपासली आणि नाकं मुरडली. सुई मोडते, धूर मागे येतो, आणि भराभर बार काढता आले तर शिपाई दारूगोळा उधळून टाकील, असे आक्षेप निघाले. यांतला पहिला आक्षेप खोटा नव्हता. सुई मोडत होती हे प्रशियालाही पुरतं ठाऊक होतं. पण त्यांनी केलं काय, तर प्रत्येक शिपायाला दोन जादा सुया दिल्या आणि त्या बदलायला शिकवलं. बंदूक अशी घडवली होती की सराव असलेला शिपाई अर्ध्या मिनिटात, रणांगणावरच, मोडकी सुई काढून नवी बसवी. माझ्या मते ड्रायझेच्या बंदुकीचा खरा मोठेपणा इथे आहे. दोष झाकला नाही, तो शिपायाच्या हाताच्या आवाक्यात आणून ठेवला. आपला शेतकरी मोटेचा दोर तुटणारच हे धरून जादा दोर विहिरीवर ठेवत असे, त्यातलाच हा शहाणपणा.

त्याचं फळ काय मिळालं ते डेन्मार्कच्या युद्धात दिसलं. ३ जुलै १८६४ रोजी लुंडबी गावाजवळ डॅनिश शिपायांची एक कंपनी संगिनी रोखून दाट रांगेने प्रशियन तुकडीवर चालून गेली. डॅनिश बंदुका ठासणीच्या. प्रशियन कमी होते, पण मातीच्या बांधाआडून बार काढीत होते. थोड्याच वेळात डॅनिश कंपनीतली जवळजवळ निम्मी माणसं ठार किंवा जखमी झाली. प्रशियनांचे तिघे जखमी झाले.

बरोबर दोन वर्षांनी, ३ जुलै १८६६ रोजी, बोहेमियात क्योनिगग्रेट्झच्या मैदानावर प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांची मोठी गाठ पडली. हा मुलूख आता चेक प्रजासत्ताकात आहे, आणि या लढाईला साडोव्याची लढाई असंही म्हणतात. ऑस्ट्रियाची लोरेन्झ रायफल ठासणीची, पण पल्ल्याने आणि नेमाने ड्रायझेच्या बंदुकीपेक्षा सरस. तोफाही ऑस्ट्रियाच्याच चांगल्या. मात्र ऑस्ट्रियन शिपाई उभ्याने गज चालवून एक बार भरी तोवर प्रशियन आडवा पडून चार-पाच बार काढी. जवळ येऊन संगिनीने भिडायचं हे ऑस्ट्रियाचं धोरण त्या माऱ्यापुढे वितळून गेलं. दिवस संपला तेव्हा ऑस्ट्रिया आणि तिचा साथी सॅक्सनी यांचे मेलेले, जखमी, हरवलेले आणि पकडलेले मिळून चव्वेचाळीस हजारांच्या आसपास होते. प्रशियाचे सुमारे नऊ हजार.

कित्येक पुस्तकांत हा विजय एकट्या सुईच्या नावावर मांडलेला असतो. मला ते पटत नाही. मोल्टकेची आखणी होती, आगगाड्यांतून वेळेवर आणलेली फौज होती, आणि दुपारी युवराजाचं सैन्य बाजूने येऊन कोसळलं नसतं तर निकाल काय लागला असता कोण जाणे. पण सकाळभर श्वीपवाल्डच्या रानात कितीतरी जास्त ऑस्ट्रियनांपुढे प्रशियाची एक डिव्हिजन टिकून राहिली, तिथे झाडाआड पडल्या पडल्या बंदूक भरता येत होती म्हणूनच माणसं उभी राहिली, हे मान्य करावंच लागेल. त्या रानात किती सुया मोडल्या आणि किती बदलल्या गेल्या याचा हिशेब कुणी ठेवला असेल?

त्याच १८६६ साली फ्रान्सने शास्पो या कारागिराची रायफल घेतली. त्याने ड्रायझेची चूक ओळखली होती. मसाला काडतुसाच्या बुडाशी आणल्याने सुई आखूड झाली. धूर अडवायला बोल्टच्या डोक्यावर रबरी कडं बसवलं. पल्ला तर जवळजवळ दुप्पट झाला. १८ ऑगस्ट १८७० रोजी सेंट प्रिव्हा गावावर चढून जाताना प्रशियाच्या राजरक्षक पलटणींची सुमारे आठ हजार माणसं या रायफलीने काही तासांत पाडली. पण काडतूस अजून कागदाचंच! म्हणजे सुई आखूड झाली तरी ती आगीतच. रबरी कडी तापून कडक होत, भेगा पडत. तेव्हा फ्रेंच शिपायाच्या पिशवीतही जादा सुई असे आणि जोडीला जादा रबरी कडं.

सुई आगीतून बाहेर काढली ती पितळी काडतुसाने. पितळेचं टोपण बार होताना फुगून नळीला घट्ट चिकटतं, त्यामुळे मागे धूर येत नाही. टोपी पितळेच्या बुडात बाहेरून बसवलेली. सुईने आता आत शिरायचंच नाही, बाहेरून नुसता ठोसा द्यायचा. मग तिला लांब आणि बारीक असण्याचं कारण उरलं नाही. ती जाड झाली, टोक गोल झालं, सुईची खिळी झाली म्हणा ना. जर्मनीत ओबर्नडोर्फ गावच्या माउझर बंधूंनी ड्रायझेचाच बोल्ट सुधारून १८७१ ची रायफल केली. फ्रान्सने १८७४ मध्ये शास्पोची रायफल पितळी काडतुसाजोगी करून घेतली.

पुढे बिनधुराची दारू आली आणि नळीतला दाब फार वाढला. आता नवंच दुखणं निघालं. सुईचं टोक जरा जास्त पुढे आलं किंवा अणकुचीदार झालं, तर टोपीला भोक पडे आणि त्या दाबाचा वायू भोकातून उलटा बोल्टमध्ये घुसून शिपायाच्या डोळ्यांकडे येई. पाउल माउझरने १८९८ च्या रायफलीत याच्यावर उपाय केले. बोल्टला वायू बाजूला सोडणारी छिद्रं ठेवली, मागे तोंडाशी रुंद कड ठेवली, आणि सुईलाच असे खांदे दिले की बोल्ट पुरता बसल्याशिवाय, सुई मधेच मोडली तरी, तिचं टोक टोपीपर्यंत पोचू नये. दैव पाहा, दुसऱ्याच्या डोळ्यांची एवढी काळजी वाहणाऱ्या या माणसाचा एक डोळा १९०१ मध्ये आपोआप भरणाऱ्या नव्या रायफलीची चाचणी घेताना गेला.

आपल्या लोकांच्या हातात आली ती मात्र माउझर नव्हे, ली-एन्फील्ड. नळीचं भोक ०.३०३ इंचाचं, म्हणून तिला आपण ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणतो. मराठा पलटणींनी पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात हीच खांद्यावर वाहिली. कोलकात्याजवळ ईशापूरच्या कारखान्यात ती पिढ्यान् पिढ्या घडली. १९६२ च्या चीन युद्धात आपल्या बहुतेक जवानांजवळ हीच होती, आणि त्यानंतर ईशापूरनेच तिला ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाजोगी करून नवी आवृत्ती काढली. काडतुसांचं म्हणाल तर पुण्याजवळ खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा आहे, आणि जळगाव जिल्ह्यात वरणगावचा १९६४ पासूनचा. तेव्हा या टोपीशी आणि सुईशी महाराष्ट्राचं नातं जुनं आहे.

या रायफलीचा बार फुसका गेला तर दोष कुणाचा, हे ओळखण्याची आर्मोररची, म्हणजे पलटणीतल्या शस्त्रदुरुस्तीच्या कारागिराची, रीत फार सुरेख आहे. वैद्य जीभ पाहतो तसा हा टोपी पाहतो. पहिली शिस्त अशी की ‘टक्’ झालं तरी नळी समोरच धरून सावकाश अर्धं मिनिट थांबायचं. कारण दारू कधी कधी उशिरा पेटते, आणि तेवढ्यात बोल्ट उघडला तर घात होतो. मग काडतूस काढून बुडाचा व्रण बघायचा. व्रण खोल आणि मधोमध असेल तर सुईने काम चोख केलं आहे, दोष काडतुसाचा, बहुधा ओल लागली. व्रण उथळ असेल तर सुईला जोर कमी पडला. स्प्रिंग थकली असेल, किंवा बोल्टच्या पोटात जुनं तेल आणि धूळ यांचा चिकटा बसला असेल. आपल्या देशात उन्हाळ्यात हे दुखणं फार. भाबडा शिपाई आणखी तेल घालतो आणि चिकटा वाढवतो. व्रणच नसेल तर सुई मोडली, नाहीतर फारच आखूड झाली. टोपीला भोक पडलं असेल तर ती लांब किंवा टोकदार आहे.

सुईने बोल्टच्या तोंडाबाहेर किती यावं? साधारण एक ते सव्वा मिलिमीटर. यासाठी आर्मोररजवळ खाचा पाडलेलं माप असतं. एका खाचेत टोक अडलं पाहिजे, दुसरीतून सुटलं पाहिजे. ली-एन्फील्डची सुई मागच्या बाजूने घोड्यात आट्यांनी बसते, आणि ती फिरू नये म्हणून एक चिमुकला स्क्रू असतो. साफसफाईत हा स्क्रू हरवला, सुई आट्यांतून थोडी फिरली, की माप बिघडलंच. आणखी एक खोड म्हणजे दहा रायफली उघडून बोल्ट आपसांत बदलणं. प्रत्येक बोल्टवर त्याच्या रायफलीचा नंबर ठोकलेला असतो, तो उगाच नव्हे. बोल्ट आणि नळी यांची सोयरीक कारखान्यात मापून जुळवलेली असते.

हे वाचून कुणी पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक ओसरीवर उघडून बसू नये. ते काम परवानाधारक कारागिराचं. पण रानडुकरामागे गेलेल्या माणसाने ‘टक्’ झाल्यावर नळीत डोकावू नये, एवढं तरी सर्वांनी ध्यानात ठेवावं.

थंडीची तऱ्हा उलटी. १९४१-४२ च्या हिवाळ्यात रशियात जर्मनांच्या माउझर रायफलींतलं तेल गोठलं. घट्ट तेलातून सुई रेंगाळत पुढे जाई आणि टोपी पेटत नसे. पोलाद इतकं ठिसूळ होई की सुया आणि स्प्रिंगा काचेसारख्या तुटत. डोंगरावरच्या बर्फात जाणाऱ्या जवानाला बोल्टचं पोट पुसून कोरडं ठेव असं सांगतात, ते याचसाठी. वाळवंटात धूळ चिकटते म्हणून तेल नको, बर्फात गोठतं म्हणून नको. कोकणच्या पावसात मात्र तेलाशिवाय सुईला दोन दिवसांत गंज चढतो. एकच सुई, पण मुलखागणिक तिची निगा वेगळी.

क्योनिगग्रेट्झला जी बोल्टची रायफल जगातली सर्वांत चपळ ठरली, तीच पुढे मंद ठरली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफली घेतलेल्या अतिरेक्यांपुढे आपल्या काही पोलिसांजवळ थ्री-नॉट-थ्रीच होत्या. एकेक काडतूस बोल्टने भरायचं, आणि समोरून गोळ्यांची सर. ऑस्ट्रियन शिपायाची जी गत झाली होती तीच पाळी. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तर २६ जानेवारी २०२० च्या संचलनात ही रायफल शेवटची खांद्यावर घेऊन तिला समारंभाने निरोप दिला.

ज्या शाळा-कॉलेजांत राष्ट्रीय छात्रसेनेची तुकडी आहे तिथल्या शिक्षकांना थ्री-नॉट-थ्री अजून भेटू शकते. कवायतीसाठी दिलेल्या या रायफलींवर ‘डी. पी.’ अशी अक्षरं ठोकलेली असतात. वजन खरं, लाकूड खरं, बोल्टचा खडखडाट खरा. कवायत संपल्यावर रायफली मांडणीवर ठेवण्याआधी, तुकडीच्या अधिकाऱ्याला विचारून, मुलांना तिचा बोल्ट जवळून बघू द्या. बोल्टच्या तोंडाच्या मधोमध एक लहानसं गोल भोक दिसेल. घोडा सोडला तरी त्या भोकातून काही बाहेर येत नाही. सुई काढून टाकलेली असते, नाहीतर तिचं टोक कापलेलं असतं.